न हिंदकळलेलं पाणी

माझं अक्षर म्हणजे ओल्या सारवणावरून कोंबडी चालत गेल्यासारखं. वेलांटी कुठे पहिली आणि कुठे दुसरी, हे मला चौथीत असतानाही उमगलं नाही, आणि पाचवीची शाळा दूर असल्यानं उमगायची वेळच आली नाही. तेव्हा हे कागद कोणाच्या हाती लागलेच तर माफी असावी, आणि हसायचं असेल तर थोडं थांबून हसावं, कारण पुढे शुद्धलेखनापेक्षा मोठ्या चुका आहेत. माझी सून म्हणते, "आई, तुम्ही चार माणसांत तोंड उघडत नाही, मग लिहून तरी काढा." कोणाला दाखवायचं नाही या अटीवर मी बसले आहे. काय लिहावं याचा फार विचार करावा लागला नाही. जन्मात माझ्या हातून एकच मोठी निवड झाली. नवरा मायबापांनी निवडला, घर सासऱ्यांनी बांधलेलं होतं, पोरांची नावं नणंदेनं ठेवली. मी निवडले ते एका जीपचे मागचे दोन शॉकप.

आमचं घर दरेकशाला, स्टेशनाच्या अलीकडे, टेकडीच्या पायाशी. बोगद्यात शिरण्याआधी इंजिन शिट्टी द्यायचं, आणि माय त्या शिट्टीवर स्वयंपाक करायची. सकाळच्या शिट्टीला पेज उतरायची, दुपारच्या शिट्टीला भात. शिट्टी उशिरा झाली की भात खाली लागायचा, माय इंजिनाला शिव्या घालायची, पण शिट्टी ऐकल्याशिवाय पातेल्याला हात लावायची नाही. पेजेसोबत जवसाची चटणी असायची, पावसाळ्यात वारुळावर उगवलेल्या सात्यांची, म्हणजे अळंब्यांची, भाजी, आणि बाबूजींचा हात सैल असला तर लाखोरीच्या डाळीचे वडे. अजून कुठे वड्यांचा वास आला की मला आधी तेलाचा वास येत नाही, डिझेलचा येतो. कारण चूल परसात होती आणि परसातच, चुलीपासून चार हातांवर, जीप उभी असायची.

ती जीप बाबूजींनी विकत घेतली असं म्हणता येणार नाही. ते एका लाकूडवाल्या ठेकेदाराकडे ड्रायव्हर होते. ठेकेदाराचा धंदा बसला तेव्हा त्यानं थकलेल्या पगाराच्या बदल्यात ती त्यांच्या गळ्यात घातली. मागे समोरासमोर दोन बाक, वर ताडपत्री, दारं नाहीत. डोंगरातल्या गावांना तेव्हा एसटी जात नव्हती. रस्ता म्हणजे नाला, दगड आणि झाडांची मुळं, त्यावरून आमची जीप बाजारची माणसं, नवरदेव, तापानं फणफणलेली लेकरं, मोहफुलांची पोती, जे असेल ते नेत असे. भाडं गोळा करायला बाबूजी मला बसवायचे. मला पैसे मागायची इतकी लाज वाटायची की मी मान दुसरीकडे फिरवून नुसता हात पुढे करायची. लोक हातावर नाणं ठेवतात की सुपारीचं खांड, हे मी घरी आल्यावर बघायची. माय म्हणायची, "हे पोरगी भाडं घेऊन राहिली का भीक?"

माझी जागा ठरलेली होती. मागच्या बाकाचं अगदी शेवटचं टोक, बरोबर चाकाच्या वर. तिथे कोणी आपल्याकडे बघत नाही म्हणून मला ती आवडायची, आणि तिथे हाडं खिळखिळी होतात म्हणून बाकी कोणाला ती नको असायची. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. जीपच्या चाकाजवळ, स्प्रिंगच्या पाट्यांच्या बाजूला, तेल भरलेली एक जाड नळी उभी असते. खड्ड्यात गाडी आदळली की ही नळी धक्का आतल्या आत गिळते. तोच शॉकप. आमच्या जीपचे शॉकप केव्हाच मेले होते, तेल गळून नुसती नळकांडी लोंबत होती. त्यामुळे एका खड्ड्यात गेलेली जीप पुढचे तीन खड्डे येईपर्यंत डोलत राहायची. डोळे मिटून मी सांगू शकले असते, आता नाला आला, आता मोहाचं मूळ, आता वनखात्याचा नाका. चौथीनंतरचं माझं सगळं शिक्षण त्या बाकावर झालं, आणि शरीराच्या ज्या भागाचं ते झालं त्याचं नाव लिहायला मला या वयातही लाज वाटते.

पावसाळ्यात बाजारची माणसं कमी व्हायची आणि जीपला काम मिळायचं ते भागरतामायचं. ती ढिवरांची. डोंगरापलीकडच्या गावचा तलाव तिच्या वस्तीतल्या घरांनी मिळून मासेमारीसाठी घेतला होता, आणि नवऱ्यामागे त्या सगळ्यांचा कारभार तीच बघायची. दर पावसाळ्यात तलावात माशाचं बी सोडावं लागतं. माशाची अगदी बारीक पिल्लं, जिऱ्याच्या दाण्याएवढी, म्हणून त्यांना जिरेच म्हणतात. ते कामठ्याकडून आणायचं. पोटफुगी ॲल्युमिनियमची हंडी अर्धी पाण्यानं भरायची, त्यात जिरे, वरून ओलं फडकं, आणि उन्हं चढायच्या आत तलाव गाठायचा. भागरतामाय दरवेळी आमचीच जीप सांगायची. दुसऱ्या, नव्या कोऱ्या गाड्या होत्या तरी आमचीच. हंड्या बाकांच्या मधे मांडायच्या, पदर डोक्यावरून घ्यायचा, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरायचा आणि माझ्या समोर बसून झोपी जायचं, असा तिचा प्रवास. "तुह्या बाबूजीच्या गाडीत मले गुण येते," असं ती म्हणायची. आम्ही ते बाबूजींच्या स्वभावाचं कौतुक समजायचो.

तर शॉकप बदलायची पाळी आली ती एका बाळंतिणीमुळे. डोंगरातल्या एका बाईला दवाखान्यात न्यायचं होतं. दिवस भरायला अजून अवकाश होता, नुसतं पोट दुखत होतं. नाला ओलांडला, मोहाचं मूळ ओलांडलं, आणि नाक्याच्या अलीकडे, माझ्या डोळ्यांसमोर, म्हणजे मी डोळे घट्ट मिटले होते त्यांच्यासमोर, ती बाळंत झाली. मूल ठणठणीत निघालं. आज त्याचं मोबाइलचं दुकान आहे आणि मी दिसले की तो नमस्कार करतो, जणू मीच सुईण होते. पण पावसाळा लागायच्या आत गावोगाव बोभाटा झाला. दिवस उलटून गेलेल्या दोघीतिघी सासूला घेऊन आमच्या परसात येऊन उभ्या राहिल्या, नाक्यापर्यंत एक चक्कर मारून आणा म्हणून. मायनं त्यांना चहा पाजून परत पाठवलं आणि बाबूजींना सांगितलं की एखादीचं वाईट झालं तर या गावात तोंड दाखवता येणार नाही, नवे शॉकप टाका. मोहफुलांच्या हंगामाचे पैसे घरात होते. बाबूजी म्हणाले, टाकतो. मग म्हणाले की पुढे बसणाऱ्याला मागचं काय कळतं, देवकाला नेतो.

देवका म्हणजे मी.

गोंदियाला एका शेठचं गाड्यांच्या सामानाचं दुकान होतं आणि दुकानाबाहेर त्याचा मिस्त्री. बाबूजींनी मला पुढे केलं आणि म्हणाले, "हिले कळते. हे मांगं बसते." शेठनं माझ्याकडे बघितलं. मी माझ्या चपलेकडे बघितलं. "शॉकअप अब बिटिया पसंद करेगी?" तो म्हणाला, आणि मिस्त्रीला हाक मारून म्हणाला की आज आपल्याकडे इंजिनियरबाई आल्या आहेत. त्यानं तीन जोड्या काढून ठेवल्या. एक जुनीच, नवं तेल भरून रंग दिलेली. एक नवी, साधी. आणि एक जाडजूड, महाग, जी म्हणे ठेकेदार लोक डोंगरातल्या गाड्यांना लावतात. बाबूजींनी प्रत्येक जोडी हातानं दाबून बघितली आणि मान हलवली. मला दाबायला दिली तेव्हा एकही तसूभर हलली नाही, त्यामुळे मला तिन्ही सारख्याच वाटल्या. पण आपल्याला आणलंय तर काहीतरी सांगायला हवं. मी बाबूजींच्या कानाशी जाऊन म्हटलं की लावून बघू, आणि मी मांडीवर पाण्याचा लोटा घेऊन बसते.

हे माझ्या डोक्यात कुठून आलं ते मला आजही कळत नाही. पण बाबूजींना ते इतकं पटलं की त्यांनी शेठच्या टेबलावर सगळे पैसे ठेवले आणि म्हणाले की जोडी घेणार तर नक्की, पण पाणी सांगेल ती. मिस्त्रीला हे आवडलं. मागचे शॉकप खोलायला बसवायला त्याला फार वेळ लागत नव्हता. गळ्यापर्यंत भरलेला शेठच्याच दुकानातला पितळी लोटा घेऊन मी माझ्या टोकाला बसले आणि बाबूजींनी जीप फुलचूरच्या बाजूला घेतली. तिथे तेव्हा घरं कमी आणि खड्डे जास्त होते. पहिल्या जोडीला अर्धा लोटा माझ्या अंगावर आला. तशा ओल्या कपड्यांनी भर बाजारात उतरताना मला जमीन दुभंगून हवी होती, पण ती गोंदियाला दुभंगत नाही, डांबर आहे. दुसऱ्या जोडीला थोडं सांडलं. तिसऱ्या, महागाच्या जोडीला जीप खड्ड्यात गेली, एकदा खाली बसली, एकदा वर आली आणि गप्प झाली. लोट्यातलं पाणी नुसतं शहारलं. मी इतकी हरखले की शेठसमोर लोटा उलटा करून दाखवला, भरलेला होता हे सिद्ध करायला. पाणी त्याच्या चपलांवर पडलं.

पुढचं सांगते. पैसे थोडे कमी पडत होते. शेठ म्हणाला, जुनी नळकांडी इथेच ठेवा, तेवढं मी सोडतो. बाबूजी कधी काही टाकत नसत, फुटक्या कंदिलाची काचसुद्धा आमच्याकडे जपून ठेवलेली होती. ते म्हणाले की जुने मी घरी नेतो, बाकीचे पैसे नंतर देतो. आणि तेव्हा मी, जी जन्मात परक्या माणसासमोर एक वाक्य बोलली नव्हती, ती मी मोठ्यानं म्हणाले, "कायले नेता ते, बाबूजी? कोन्या कामाचे आहेत?" शेठ म्हणाला, "बिटिया समझदार है." दरेकशापर्यंत मी त्या शब्दावर तरंगत आले. नवे शॉकप होते, त्यामुळे तरंगणं सोपंही होतं.

घरी आल्यावर मायला मागे बसवून नाक्यापर्यंत फिरवून आणलं. ती उतरली आणि म्हणाली की झोपाळ्यात बसल्यासारखं वाटलं, आणि शिट्टी व्हायच्या आत वडे तळायला घेतले. तो एक आठवडा मी गावात मान वर करून चालले. माझ्या मानेला तेवढीच सवय झाली असेल.

मग भागरतामायचा निरोप आला. आम्ही अंधारातच कामठ्याकडे गेलो, हंड्या भरल्या, फडकी बांधली. भागरतामाय पदर घेऊन बसली आणि जीप सुटायच्या आत घोरायला लागली. मी समोर. वाटेत उजाडलं. एका हंडीवरचं फडकं सरकलं होतं, त्यातून पाणी दिसत होतं. इतकं स्थिर की त्यात माझं तोंड दिसत होतं. जीप खड्ड्यातून गेली, पाणी हललं नाही. नाल्यातून गेली, हललं नाही. मला वाटलं, बघ, तूच निवडलेस. रस्ताभर मी त्या पाण्यात स्वतःकडे बघून हसत होते. त्या पाण्यातली हवा संपत चालली होती आणि खाली जिरे गुदमरत होते, हे मला दिसलं नाही, कारण मधे माझं तोंड होतं.

तलावावर पोचलो तेव्हा वस्तीतली माणसं काठावर उभी होती. भागरतामायनं फडकी सोडली. निम्म्याहून जास्त हंड्यांत जिरे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. ते बी त्या सगळ्या घरांच्या पैशांचं होतं, आणि त्या तलावात बी पडलं नाही तर वर्षभर जाळं टाकायला काही नव्हतं. भागरतामायनं पाण्यात हात घालून बघितला. पाणी गरम नव्हतं. मग ती जीपकडे आली, मागच्या फळीवर चढली आणि दोन्ही पायांनी दाब दिला. जीप एकदा खाली बसली, एकदा वर आली आणि गप्प झाली.

"तुही गाडी नाचून काऊन नाही राहिली, ड्रायवर?"

"नवे शॉकप टाकले," बाबूजी म्हणाले. अशा वेळीही त्यांच्या आवाजात थोडा तोरा होता.

"कायले?"

मग तिनं सांगितलं तेव्हा आम्हाला कळलं. हंडीतलं पाणी सारखं खेळतं ठेवावं लागतं, तरच त्यात हवा मिसळते. तिच्या सासूनं हे बी कावडीनं आणलं होतं आणि चालताना ती कावड डोलवायची. बैलगाडीत माणूस हंड्यांपाशी बसून हातानं पाणी थोपटायचा. आमच्या जीपमध्ये ते काम खड्डे करायचे, म्हणून ती झोपायची. इतक्या वर्षांत सांगायची गरजच पडली नव्हती, तिलाही वाटलं की आम्हाला ठाऊक असेल. आणि आज झोपही रोजच्यापेक्षा गाढ लागली होती.

नुकसान कोणाचं, यावर काठावर बोलणं झालं. भागरतामाय म्हणाली, "झोपली त मी होती." बाबूजी म्हणाले, "गाडी माही होती." दोघंही आपल्या अंगावर ओढून घेत होते आणि वस्तीतली माणसं एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. मी जीपमागे लपले होते. शेठसमोर एकदा तोंड उघडल्यापासून ते नीट मिटत नव्हतं बहुतेक. मी तिथूनच म्हणाले, "शॉकप मी निवडले."

भागरतामायनं जीपला वळसा घालून मला शोधून काढलं. वर-खाली बघितलं.

"मंग तू देशीन," ती म्हणाली.

मला वाटलं होतं, ती म्हणेल, जाऊ दे लेकरू आहे. तसं म्हणायची तिच्याकडे पद्धत नव्हती. बाबूजी म्हणाले, भाड्यातून कापून घ्या. ती म्हणाली, गाडी त चांगली चालली, गाडीचं भाडं कायले कापू. मग ठरलं ते असं. आता गाडी नाचत नाही म्हणजे पाणी थोपटायला माणूस लावावं लागणार, त्याला मजुरी द्यावी लागणार. ते माणूस मी. मजुरी मेलेल्या जिऱ्याच्या किमतीतून वळती. आणि पुढची खेप मेली तर पुढच्या वर्षी गाडी दुसऱ्याची. हे शेवटचं तिनं बाबूजींकडे न बघता, माझ्याकडे बघून सांगितलं.

बाबूजी दुसऱ्याच दिवशी जुने शॉकप आणायला गोंदियाला गेले. शेठनं ते भंगारात घालून टाकले होते. बिटियानेच तर ठेवायला सांगितले, तो म्हणाला म्हणे.

मग तो पूर्ण पावसाळी मोसम मी हंड्या थोपटल्या. पहिल्या खेपेला मी भीतीनं पाण्यावर अशा चापट्या मारल्या की भागरतामायच्या तोंडातला खर्रा भिजला. "मारू नोको," ती म्हणाली, "खेळव." ओंजळ थोडी उचलायची आणि पाणी पाण्यात सोडायचं, एका हंडीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, परत पहिलीपाशी. कामठ्यापासून तलावापर्यंत. डांबरावर जीप इतकी गुळगुळीत चालायची की मला रडू यायचं. एखादा मोठा खड्डा दिसला की मी मनातल्या मनात बाबूजींना त्यात घाला म्हणायची, आणि बाबूजी, मला बरं वाटावं म्हणून, खरंच घालायचे. पण महागाचे शॉकप ते. एकदा खाली, एकदा वर, गप्प.

भागरतामाय सुरुवातीच्या खेपांना झोपली नाही. एक डोळा उघडा ठेवून माझे हात बघायची. बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतायची, आणि घरी जेवायला बसले तरी वास जायचा नाही. माय तांदूळ धुवायला सांगायची आणि मी पातेल्यापाशी बसून पाणी खेळवत राहायची, शिट्टी होऊन जायची. "जिता राहीन ना तांदूळ?" माय विचारायची. हंड्या मात्र तलावावर जित्या पोचायच्या. पिल्लं सोडली की काठाशी एक करडी सावली पसरायची आणि मग आत निघून जायची. ती बघायला मी जीपमागून बाहेर येऊ लागले होते.

आता प्लास्टिकच्या पिशव्यांत हवा भरून बी नेतात आणि माणूस खुशाल झोपतो. माझ्या मुलाची गाडी आहे, तिच्यात बसलं की चालते आहे की उभी तेच कळत नाही. तो विचारतो, "आई, धक्का तर नाही लागत?" मी नाही म्हणते. पण पुढे कोणी पाण्याची बाटली ठेवली असेल तर माझं लक्ष तिच्यावरच असतं, आणि सगळे बाहेर बघत असताना मी ती हळूच हलवते.

त्या मोसमातली शेवटची खेप पोळ्याच्या सुमाराला झाली. जिरे सोडून झाले. भागरतामायनं काठावर बसून बोटांवर हिशेब केला आणि म्हणाली की अजून थोडे राहिले. किती, तर दहा रुपये. मोसम संपला होता, म्हणजे ते माझ्या डोक्यावर पुढच्या पावसाळ्यापर्यंत राहणार. माझा चेहरा पडला असावा. तिनं हंड्या धुतल्या, पालथ्या करून जीपमध्ये लावल्या, मग कमरेची गाठ सोडून त्यातली एक दहाची नोट काढली आणि माझ्या सुरकुतलेल्या हातावर ठेवली.

मी विचारलं, हे कायचे.

"झोपेचे," ती म्हणाली. "मांगच्या चार खेपा मी घोरून राहिली, तुले दिसली नाही का? तुह्या शॉकपवर झोप गजब लागते."

माझ्या निवडीबद्दल त्या मोसमात ऐकलेला तो एकच चांगला शब्द. मी नोट थोडा वेळ धरून ठेवली. मग तिच्याच हातावर ठेवली. तिनं ती उलटसुलट करून बघितली, कमरेला खोचली आणि म्हणाली, "फिटले." आणि जीपमध्ये चढून, पदर डोक्यावरून घेऊन, बाबूजींनी चावी फिरवायच्या आत झोपून गेली.